स्तोत्र मराठीत ठेवा

पप्पांना पोचवून आलो त्या रात्री माय स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. चूल थंड होती आणि शेजारच्या काकूंनी आणून ठेवलेलं पिठलं तसंच झाकलेलं होतं. मी जवळ जाऊन बसले, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बापाला परक्यासारखं पोचवलं आपण."

मला राग आला होता. दोन दिवस मी आणि दादा धावत होतो. फादरांना भेटलो, पेटी ठरवली, सिमेट्रीत जागा बघितली, गोव्याच्या नि मुंबईच्या नातेवाइकांना फोन केले, फुलं आणली. आमच्या हिशेबात काही कमी पडलं नव्हतं. पण मायचं म्हणणं मला पुढे उमगत गेलं. बाहेरगावच्या पाहुण्यांच्या सोयीसाठी आम्ही सगळा मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य विधी, इंग्रजीत ठेवला होता. गाणी इंग्रजी, वाचनं इंग्रजी. माय पहिल्या बाकावर तोंड मिटून बसली होती, कारण त्यातलं एकही गाणं तिला येत नव्हतं. आणि आमच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्यात पप्पांनी चाळीस वर्षं काढली, ती चर्चच्या दारात उभी होती. आत जावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणीही दारापर्यंत जाऊन "या" म्हटलं नव्हतं. काकू तर पूर्ण तासभर दारालगतच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

आमच्यासारख्या बेळगावच्या कॅथलिक घरांत भाषेचा हिशेब सोपा नसतो. मायचं माहेर खानापूर तालुक्यातलं. देवाशी ती कोकणीत बोलायची. 'नमान मारिये' या मारियेच्या कोकणी प्रार्थनेखेरीज दुसऱ्या भाषेत तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हटला तर तो देवाला पोचतो यावर तिचा पुरता विश्वास नव्हता. शाळा मात्र मराठी, सातवीपर्यंत. त्यामुळे लिहायचं ते मराठीत: किराण्याची यादी, भिशीचा हिशेब, आम्हाला हॉस्टेलवर पाठवलेली पत्रं. बाजारात कन्नड. तिची बहीण दिली ती चंदगडला. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हा चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, म्हणून दोघी बहिणी लग्नानंतर दोन राज्यांत नांदल्या. मावशीकडे जाताना सीमा ओलांडतोय असं लहानपणी आम्हाला कधी वाटलं नाही. एसटीचा रंग बदलायचा, एवढंच.

पप्पांनंतर अकरा वर्षांनी, 30 ऑक्टोबरला संध्याकाळी माय गेली. आजार वर्षभराचा होता. आदल्या आठवड्यात फादर घरी येऊन तिला तैलाभ्यंग देऊन गेले होते, कपाळाला आणि तळहातांना तेल लावून. त्या दिवशी ती शुद्धीत होती. फादर गेल्यावर तिने मला कपाटातला बिस्किटांचा डबा काढायला सांगितला. डब्यात पैसे होते, रबर लावून ठेवलेले, आणि खाकी कव्हर घातलेली एक शाळेची वही. "आता वाचू नको," म्हणाली. "लागेल तेव्हा काढ."

लागली तेव्हा काढली. तिच्या गोल, सावकाश अक्षरात चार पानं होती. अशी तयारी करून ठेवणं हे अभद्र आहे असं आपल्याकडे मानतात. मरणाचं नाव घरात काढू नये म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण त्या रात्री, घरात माणसं येत असताना, फोन वाजत असताना, ती चार पानं मला कुणीतरी हात धरल्यासारखी वाटली. निळ्या काठाची साडी, लग्नातली नको. सोनं सगळं काढून घ्या. हातात लाकडी तेर्स द्या, पप्पांनी जुन्या गोव्याच्या फेस्ताहून आणलेला. बँड नको. फुलं कागदाची नकोत. पेटी साधी, उसनं काढून मोठी करू नका. मग ओळ सोडून: "फोंड खणणाऱ्याचे पैसे आधी द्या. नंतर विसरतात." फोंड म्हणजे कबर. आणि तिसऱ्या पानावर, वेगळ्या शाईत, म्हणजे केव्हातरी मागाहून आठवून लिहिलेलं: "पहिलं वाचन कोकणीत. स्तोत्र मराठीत ठेवा. काकू येतील."

दादा आखातात होता. त्याला पोचायला 31 ची रात्र होणार होती. फादरांनी आधी दिनदर्शिका बघितली. आमच्यात हव्या त्या दिवशी अंत्यविधीचा मिस्सा करता येत नाही: ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपासून पवित्र शनिवारपर्यंत नाही, नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या आणि त्यानंतरच्या पुनरुत्थानकाळातल्या रविवारी नाही. तशी कुठलीच अडचण नव्हती. अडचण होती ती बेळगावची. 1 नोव्हेंबर म्हणजे एकीकडे राज्योत्सवाच्या, कर्नाटकच्या स्थापनादिनाच्या, मिरवणुका, लाल-पिवळे झेंडे, रात्री उशिरापर्यंत गजबजलेला चन्नम्मा चौक, आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, दंडाला काळ्या फिती. पोलीस रस्ते बंद करतात. चंदगड, आजरा, सावंतवाडीकडून येणारे पाहुणे अडकतील, शववाहिका कुठल्या गल्लीतून काढायची हाच प्रश्न. त्याच तारखेला आमच्यात सर्व संतांचा सण आणि दुसऱ्या दिवशी, 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांचं स्मरण. त्या संध्याकाळी सिमेट्रीत मिस्सा असतोच. फादर म्हणाले, "बाईंना दोन तारखेला सकाळी नेऊ या."

म्हणून तीन रात्री माय घरात राहिली. फ्रीजर बॉक्स भाड्याने आणला होता. त्याची मोटर मधूनच सुरू व्हायची आणि तेर्स म्हणणाऱ्या बायका तेवढा आवाज चढवायच्या. घरी प्रार्थना, चर्चमध्ये मिस्सा, मग दफनभूमीत निरोप, असे अंत्यविधीचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्याला लोक फार किंमत देत नाहीत. घरी कुणी तरी तेर्स म्हणतं, चहा होतो, माणसं जातात. पण मला विचाराल तर खरं सांत्वन तिथेच घडतं. माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली असतात, पोरं पेंगत असतात, मध्येच कुणी तरी मायने वीस वर्षांपूर्वी कुणाच्या बाळंतपणात काय केलं ते सांगतं. मायची शेवटची दोन वर्षं जिने काढली ती मुलगी बैलहोंगलकडची. तिला आमच्या प्रार्थना येत नव्हत्या. ती मायच्या पायाशी बसून तिच्या तिच्या कन्नडमध्ये काही पुटपुटत राहायची. तिला कुणी थांबवलं नाही.

पहिल्या रात्री काकू आल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. "आत आलेलं चालतंय काय गं?" मी उठून त्यांचा हात धरला. अकरा वर्षं उशीर झाला होता त्याला. आत आल्यावर त्यांनी बघितलं, की येणारा प्रत्येक जण पवित्र पाणी मायवर शिंपडतोय. आमच्याकडे त्यासाठी वाटी होती, पण शिंपडायला काही नव्हतं, म्हणून माणसं बोटांनीच शिंपडत होती. काकू काही न बोलता घरी गेल्या आणि अंगणातल्या वृंदावनातून तुळशीची डहाळी घेऊन आल्या. "ह्यानं बरं होतंय बघ." मी फादरांकडे पाहिलं. त्यांनी डहाळी हातात घेतली, पाण्यात बुडवली आणि पहिल्यांदा स्वतः शिंपडलं. बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणून हे करतात. माणूस ख्रिस्तसभेत पाण्यातून येतो आणि पाण्यानेच त्याला निरोप देतात. तिन्ही रात्री ती डहाळी त्या वाटीत होती.

पेपरात निधनवार्ता द्यायची होती. आमच्याकडे मराठी पेपरात ती चौकट आली नाही तर माणूस गेल्याचं अर्ध्या गावाला कळत नाही. मजकूर घ्यायला आलेल्या मुलाने सवयीने सगळं विचारलं: वय, पश्चात कोण कोण, अंत्ययात्रा किती वाजता. आणि मग, "रक्षाविसर्जन कधी?" मी म्हटलं, आमच्यात दफन असतं. तो गोंधळला, ओशाळला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या छापील नमुन्यात तो रकाना असतोच. काकू तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यात जाळायला बंदीच काय?" पूर्वी होती. 1963 मध्ये रोमने ती उठवली, दहनाला हरकत राहिली नाही, मात्र ते पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी केलेलं नसावं. दफन चांगलं, ही शिफारस अजून कायम आहे. 2016 च्या आदेशाने सांगितलं, की दहन केलं तर रक्षा उधळायची नाही, नदीत सोडायची नाही, घरी ठेवायची नाही, तर पवित्र जागी एकत्र ठेवायची. 2023 मध्ये तेवढी सवलत मिळाली, की तिचा अगदी थोडा अंश त्या माणसाच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवता येईल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे जागा पाहिजे. जाऊन बसायला जागा." मी शाळेत शिकवते, समजावून सांगणं हे माझं काम, पण मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

दादा आला तो रात्री दोन वाजता. त्याची मुलं इंग्रजीत वाढलेली. विमानतळावरूनच त्याने ठरवून आणलं होतं, की मिस्सा इंग्रजीत, शेवटी मायच्या फोटोंची चित्रफीत आणि त्यावर त्याचं भाषण. मी काही न बोलता वहीचं तिसरं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग वही छातीशी धरून तो फ्रीजर बॉक्सच्या बाजूला जमिनीवर बसून राहिला, बूटसुद्धा न काढता.

भाषणाचं फादरांनीच समजावून सांगितलं. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन असतं, पण गुणगान नसतं. तो मिस्सा मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायला असतो, त्याची थोरवी सांगायला नव्हे. ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकर, वाटून झाल्यावर घरच्या एकाने दोन शब्द बोलावेत, तेही आवरते. फोटो घरी लावा, म्हणाले. 1 तारखेच्या रात्री दादाने फोटो घरच्या भिंतीवर लावले. लांबून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते, आणि त्याची मुलं तेव्हा पहिल्यांदा आजीला परकराच्या वयात बघत होती.

वाचनं निवडताना एक अडचण आली, ती लिहून ठेवते, कारण आणखी कुणाला उपयोगी पडेल. पहिलं वाचन मायने स्पष्ट लिहिलं होतं, ज्ञानग्रंथातलं, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, त्यांना कुठलीही पीडा शिवणार नाही, हे. मी ते समजून घेण्यासाठी माझ्या शाळेच्या कपाटातलं मराठी बायबल उघडलं, तर त्यात ते पुस्तकच नाही. नंतर लक्षात आलं, की ती प्रत 66 पुस्तकांची. कॅथलिकांच्या बायबलमध्ये 73 असतात आणि ज्ञानग्रंथ हा त्या जास्तीच्या सातांतला. ऐन वेळी वाचणाऱ्याच्या हातात चुकीचं पुस्तक द्याल तर तो तिथे उभा राहून पानं उलटत बसेल. आमचं वाचन कोकणीतच व्हायचं होतं, त्यामुळे निभावलं. स्तोत्राला ही अडचण नव्हती. तेविसावं स्तोत्र दोन्हींत आहे.

2 नोव्हेंबरला सकाळी पेटी चर्चमध्ये नेली. दारातच तिच्यावर पाणी शिंपडून पांढरं वस्त्र घातलं, बाप्तिस्म्याला बाळाला घालतात त्या पांढऱ्या झबल्याची आठवण म्हणून. पायांची बाजू वेदीकडे ठेवली. माय बाकावर बसायची तेव्हा जशी वेदीकडे तोंड करून बसायची, तशीच. धर्मगुरू गेले तर त्यांची पेटी उलटी ठेवण्याची रीत आहे, डोकं वेदीकडे, कारण आयुष्यभर ते लोकांकडे तोंड करून उभे असतात. शेजारी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटलेली. मी दारात उभी होते. गल्लीतली माणसं आली तशी मी त्यांना एकेकाला आत नेऊन बसवलं, बाकांवर, मधोमध. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांनी हातात कागद दिले. मी आदल्या रात्री मराठीत लिहून काढलेले: कधी उभं राहायचं, कधी बसायचं, ख्रिस्तशरीर घ्यायला कोण जातं, आणि जे जात नाहीत त्यांनी जागेवर बसलं तरी काही बिघडत नाही. वर ठळक एक ओळ.

पहिलं वाचन दादाने केलं. त्याची कोकणी गंजलेली होती, दोन ठिकाणी अडखळला, पण केलं. मग मी स्तोत्र वाचायला उभी राहिले. स्तोत्राची रीत अशी, की एक ओळ वाचणारा म्हणतो आणि प्रत्येक कडव्यानंतर ती सगळ्यांनी म्हणायची. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." पहिल्यांदा मी म्हटली तेव्हा आमचीच माणसं पाठोपाठ बोलली, तीही दबकत, कारण मराठीत त्यांना सवय नव्हती. मी पहिलं कडवं वाचलं. हिरवी कुरणं, संथ पाणी. कडवं संपलं आणि मी श्वास घेतला. तेवढ्यात मधल्या बाकांवरून ओळ उचलली गेली. काकू भजनी मंडळात. एकादशीला चाळीस वर्षं टाळ हातात घेतलेली बाई. ध्रुपद कधी उचलायचं हे तिला कागदावर वाचावं लागत नाही. त्यांच्या मागून गल्लीतल्या सगळ्या बायका, आणि मग अख्खं चर्च. मला शेवटची कडवी वाचताना अक्षरं दिसत नव्हती. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो, तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस." ते मला पाठ होतं म्हणून बरं.

सिमेट्रीत पप्पांचीच जागा पुन्हा उघडली होती. आमच्याकडे जागा कमी, त्यामुळे बरीच वर्षं झाली की त्याच कबरीत घरातलं दुसरं माणूस ठेवतात. आधीच्याच्या अस्थी गोळा करून तिथेच नीट ठेवतात. खणणाऱ्याचे पैसे मी सकाळी सहालाच दिले होते. फादरांनी धूप दिला, प्रार्थना म्हटली, आमच्या बायकांनी 'सासणाचो विसव', म्हणजे 'कायमची विश्रांती', म्हणायला घेतलं आणि पेटी खाली गेली. मग माती. मूठमाती हा शब्द मी वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवते, वाईट सवयींना मूठमाती द्या, असल्या वाक्यांत. त्या दिवशी तो शब्द पुन्हा माती झाला. काकूंनी पदर खोचला, खाली वाकून माती घेतली, कपाळाला लावली आणि मग टाकली. बैलहोंगलची मुलगी त्यांच्या मागे उभी होती. काकूंनी तिला पुढे ओढलं, तिच्या मुठीत माती दिली.

महापालिकेतलं काम राहिलंच. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. मायचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि दाखला निघणार कन्नड आणि इंग्रजीत. एका नावाच्या तीन रूपांपायी मी चार वेळा गेले. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी ही कागदपत्रं ती माणसं असतानाच एकसारखी करून घ्यावीत. शोकात ते करवत नाही. क्रुसावर नाव कुठलं नि कुठल्या लिपीत, हे चौथ्या पानावर होतं. देवनागरीत. आम्ही हाक मारायचो ते घरचं नाव.

संध्याकाळी पुन्हा सिमेट्रीत गेलो. सगळ्या मृतांचा दिवस, त्यामुळे आठवडाभर आधीच लोकांनी गवत काढून, चुना लावून कबरी स्वच्छ केलेल्या. प्रत्येकीवर शेवंती, प्रत्येकीवर मेणबत्त्या. हजारभर ज्योतींत मायचा ओला, चुना नसलेला, लाल मातीचा उंचवटा. वाऱ्याने मेणबत्ती राहीना, म्हणून दादाच्या धाकट्याने दोन्ही हातांचा आडोसा करून ती मिस्सा संपेपर्यंत धरली.

काकूंनी विचारलं होतं, तेराव्याचं काय करता? तेरावा नसतो, सातव्या दिवशी मिस्सा असतो, मग महिन्याचा, मग वर्षाचा, असं मी सांगितलं होतं. सातव्या दिवशी सकाळी साडेसहाचा नेहमीचा मिस्सा होता, त्यात मायचं नाव घ्यायचं ठरलं होतं. नुकतं उजाडत होतं. मी, दादा, दहा-बारा नेहमीची माणसं. प्रवेशगीत सुरू असताना मागे हालचाल झाली. काकू आल्या होत्या. चपला बाहेर काढल्या होत्या, पण दाराशी थांबल्या नाहीत. सरळ चालत येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "मराठीतलं कधी येतंय?"

"आज मराठी नाही काकू. आज सगळं कोकणीत."

"असू दे," म्हणाल्या, आणि पदर सारखा केला. "बसलंय की."